पाण्याची अट

तुमच्या घरातल्या फरश्या कापल्या, तेव्हा कापणाऱ्याच्या यंत्रावर पाणी पडत होतं का? माहीत नाही ना? कारण विचारलंच नव्हतं. रंग विचारलात, भाव विचारलात, दोन फरश्यांमधली रेघ सरळ येईल ना म्हणून चारदा विचारलंत. कापणाऱ्याच्या नाकातोंडात काय गेलं, हे विचारायचं तुमच्या डोक्यातही आलं नाही. रागावू नका. ज्याच्या नाकातोंडात ते रोज जात होतं, त्या फायेकच्याही डोक्यात ते फार उशिरा आलं. त्याचीच ही गोष्ट.

फायेक अम्मानचा. शहराच्या पूर्वेला, जबल अल-जूफेच्या उतारावर त्याचं दोन मजली घर. वर तो आणि त्याचं कुटुंब, खाली धाकटा भाऊ नुअमान आणि त्याची बायको रुवैदा. थोरल्या मुलाच्या नावावरून लोक फायेकला अबू हातेम म्हणत. धंदा दगडी तोंड बसवण्याचा. अम्मानमध्ये घर आतून कसलंही असो, बाहेरून ते पांढऱ्या दगडाचंच दिसायला हवं. काँक्रीटच्या भिंतीवर चार बोटं जाडीचा दगडी मुखवटा चढवायचा, की झाला वाडा तयार. बापाच्या काळी छिन्नी-हातोडा होता; चुरा पायाशी पडायचा. फायेकच्या हातात वीज आली आणि गोल पातं आलं. त्या कटरला तिकडचे कामगार रॉकेट म्हणतात. ते दगडाला लागलं की असा पांढरा लोट उठतो की शेजारी उभा असलेला माणूस दिसेनासा होतो.

आणि पैसे मीटरवर. दिवस किती भरला, घाम किती गाळला, कुणी विचारत नाही. भिंतीवर किती मीटर दगड चढला, तेवढंच बोला. ही गोष्ट लक्षात ठेवा, सगळी मेख इथंच आहे.

नुअमानला खोकला लागला तेव्हा त्यानं पाण्याच्या बाटलीच्या बुचाला भोकं पाडली. एका हातानं बाटली दाबायची, दुसऱ्या हातानं रॉकेट चालवायचं. धूळ बसायची, पण काम रेंगाळायचं.

"काय रे, बाग लावतोयस का?" फायेक परांचीवरून ओरडायचा. "ओला दगड वाळेपर्यंत रंग कळत नाही. चिखल खालच्या ओळीवर ओघळतो, तो धुणार कोण? आणि विजेच्या यंत्रावर पाणी, मरायचंय का?"

"खोकला येतो रे."

"मला नाही येत? खोक आणि काप."

तिसरा इद्रीस. इजिप्तहून आलेला, सोहागकडचा, तोंडाचा फटकळ. मोठ्या मिस्त्रीला तिकडं मुअल्लिम म्हणतात. तो खालून हसायचा. "मुअल्लिम, भांडू नका. आपण तिघं मेलो तर कफनाचे पैसे वाचतील. आधीच पांढरे आहोत."

मग तिघं तव्यात टोमॅटो परतायचे, रोटीनं टिपून खायचे, वर सेज नावाच्या सुगंधी पाल्याची पानं घातलेला गोड चहा. चहातही पांढरी साय यायची. दुधाची नव्हे.

पुढचं सांगण्यासारखं नाही, म्हणजे सगळीकडे असतं तसंच आहे. नुअमानच्या फुप्फुसाच्या चित्रात पांढरे ठिपके आले. डॉक्टर म्हणाला, दगड आहे, आता निघायचा नाही. घरी प्राणवायूचं यंत्र आणलं, भाड्यानं. ते अखंड गुणगुणायचं, आणि विजेचं बिल आलं की रुवैदाच्या हातातली एक बांगडी कमी व्हायची. साइटवर जे पाणी महाग म्हणून कुणी आणलं नाही, त्याची किंमत अशी घरात, विजेच्या तारेतून वसूल होत होती. धुळीचा खर्च कधी वाचत नाही, लोकहो. तो कंत्राटदाराच्या खिशातून निघून कामगाराच्या बायकोच्या मनगटावर जातो, एवढंच.

नुअमान थंडीत गेला. फायेक रडला नाही. रॉकेटच्या थरथरीनं त्याच्या बोटांची टोकं कधीचीच मेली होती. गारठ्यात ती खडूसारखी पांढरी पडत. चहाचा पेला गरम आहे की गार, हे त्याला धरून कळायचं नाही, वाफ बघून कळायचं. आता तसंच आत झालं होतं. काही लागायचं नाही. लोक सांत्वनाला येत, तो उठून उभा राही, हात मिळवी, बसे. पुन्हा उठे.

कामगारांच्या बाजूनं लढणाऱ्या एका वकिलानं दावा लावून दिला. दावा भक्कम होता. नुअमान ज्याच्या साइटवर कापायचा तो कंत्राटदार अबू कुतैबा हादरला, कारण दावा उभा असेपर्यंत बँक नव्या कामाला हमी देईना. त्यानं निरोप धाडला: वडीलधारी माणसं घेऊन तुमच्या दारी येतो. तिकडं याला जाहा म्हणतात. खून असो, अपघात असो की लग्नाची मागणी असो, मानाची माणसं घरी येतात, त्यांच्यासमोर कॉफी ठेवली जाते, आणि मागणं मान्य झाल्याशिवाय कुणी तिला तोंड लावत नाही.

निरोप आला त्या दुपारी रुवैदानं दिराला खाली बोलावलं. ती सुतकाच्या चार महिन्यांत होती, घराबाहेर पडत नव्हती.

"दावा मागे घ्या म्हणणार ना ते?" तिनं विचारलं.

"आणखी काय म्हणणार."

"पैसे देईल?"

"चारचौघांत द्यायलाच लागतील."

"पैसे नकोत असं मी म्हणणार नाही, मी काही संत-वली नाही. पण एक सांगा, अबू हातेम. सुतक फिटलं की तुम्ही पुन्हा रॉकेट हातात धरणार ना?"

"दुसरं काय येतं मला?"

"मग पाणी मागा. सगळ्यांसमोर. त्याच्या कुठल्याही इमारतीवर कोरडा दगड कापला जाणार नाही, आणि पाण्यानं जो वेळ जास्त लागतो तो मीटरच्या भावात धरायचा. नुसतं पाणी मागू नका, नाहीतर एक पिंप आणून ठेवेल आणि भाव तोच. मग पाण्याला हात कोण लावेल?"

रुवैदा शिवणकाम करायची. तिलाही कपड्यावर पैसे मिळायचे, तासावर नाही; तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"बरं," तो म्हणाला.

"बरं नाही. म्हणून दाखवा."

"काय म्हणून दाखवू? शाळा आहे का?"

"म्हणा हो. तुम्ही लोकांसमोर मऊ पडता. माझ्या लग्नात आमच्याकडच्यांनी तुम्हाला जेवणात मागे बसवलं, तेव्हाही तुम्ही हसलात."

तेव्हा फायेकनं भिंतीकडे बघून म्हटलं, "दावा सोडतो. पण पाणी आणि पाण्याचा वेळ, दोन्ही द्यायचं. तोवर कॉफी खाली."

"पुन्हा."

त्यानं पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ती उठली आणि वेलदोडे कुटायला गेली.

जाहा दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर आली. खोली भरली, मग जिना भरला, मग गल्लीत प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या. अबू कुतैबा मान खाली घालून मध्ये बसला. साधा माणूस, कधीकाळी तोही परांचीवर होता, अंगठ्याची नखं अजून वाकडी. पण लोकांची नजर त्याच्यावर नव्हती. नजर होती हाजी मुनीबवर, जो जाहेचा म्होरक्या म्हणून आला होता. अबू कुतैबानं डोकं चालवलं होतं. हाजी मुनीब फायेकच्या बापाचा उस्ताद. फायेकच्या स्वतःच्या लग्नाची मागणी घेऊन हाच म्हातारा गेला होता, आणि त्याच्याच शब्दावर मुलीच्या बापानं हो म्हटलं होतं.

कॉफी आली. काळी, कडू, वेलदोड्याची. हाजी मुनीबनं वाटी घेतली आणि आपल्यासमोर गालिच्यावर ठेवली. खोलीतल्या सगळ्यांनी आपापल्या वाट्या खाली ठेवल्या. तो आवाज, चिनीमातीचा एकाच वेळी झालेला बारीक आवाज, जिन्यापर्यंत गेला.

म्हातारा बोलला. थोडकंच बोलला. "माणूस गेला, तो आमचाही होता. अबू कुतैबा चुकला असेल, पण त्यानं ठरवून मारलं नाही. तुमच्या बापाच्या घरी मी पुष्कळदा कॉफी प्यालोय. आज ही वाटी समोर ठेवलीये. तुम्ही म्हणाल तेव्हा उचलेन, नाही म्हणालात तर तशीच ठेवून जाईन."

फायेकच्या काकानं हात वर केला. "हक्क गेलेल्याच्या सख्ख्या भावाचा. बोल, अबू हातेम."

फायेकच्या डोक्यात वाक्य तयार होतं. शब्द न् शब्द. दारामागे रुवैदा उभी आहे हे त्याला ठाऊक होतं. त्यानं तोंड उघडलं आणि त्याची नजर म्हाताऱ्याच्या वाटीवर गेली. वाफ पातळ होत चालली होती. एक धागा उरला, मग तोही तुटला. त्याच्या घरात, त्याच्या बापाच्या उस्तादासमोर, कॉफी गार होत होती आणि अख्खी गल्ली बघत होती. अशा वेळी माणसाच्या तोंडून जे निघतं ते त्याचं नसतं, त्याला लहानपणापासून जसं घडवलेलं असतं त्याचं असतं.

"प्या हाजी," तो म्हणाला. "तुमचं मागणं डोक्यावर. कॉफी प्या."

"अल्लाह तुझं तोंड उजळ ठेवो!" खोली एकदम बोलली. वाट्या उचलल्या गेल्या. कुणी घोटात संपवली, कुणी दोन. अबू कुतैबा उठून आला, त्यानं फायेकच्या दोन्ही खांद्यांचं चुंबन घेतलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. तेच तर वाईट.

"फक्त एक," फायेक म्हणाला. "ते पाण्याचं... रॉकेटवरचं पाणी..."

"ते कामाचं बोलणं, बाळ," हाजी मुनीब प्रेमानं म्हणाला. "ते साइटवर बसून बोला. आजचा दिवस चांगला गेला, त्याला सिमेंट-दगड कशाला लावतोस?"

लोक गेले. अबू कुतैबानं ठेवलेलं पाकीट गालिच्यावर होतं. रुवैदा आत आली, तिनं तबकात वाट्या गोळा केल्या. फायेकला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"सगळ्या रिकाम्या आहेत," ती म्हणाली, आणि तबक घेऊन आत गेली. पाकीट मात्र तिनं परत येऊन उचललं. प्राणवायूच्या यंत्राचं थकलेलं बिल होतं.

सुतक फिटल्यावर फायेक दाबूक या श्रीमंत वस्तीतल्या साइटवर गेला. एका दंतवैद्याचं घर, तीन मजले, वर दगडी कमानी. अबू कुतैबा गाडीच्या टपावर नकाशा पसरून उभा होता.

"पाण्याचं बोलायचं होतं," फायेक म्हणाला.

अबू कुतैबानं सुस्कारा टाकला. "अबू हातेम, मी काय दगड आहे का? मला कळत नाही? एकदा मी निविदेत पाणी धरलं होतं. पाणी, धूळ ओढणारं यंत्र, जास्तीचा वेळ, सगळं. काम गेलं. दुसऱ्यांदा धरलं, तेही गेलं. ज्याला मिळालं त्यानं कोरडं कापलं आणि माझ्यावर हसला. पाणी महाग नाही रे बाबा. वेळ महाग आहे. मालक मीटरचा भाव बघतो. धुळीचा भाव विचारणारा एक मालक दाखव मला, एक."

"विचारलंस का कधी कुणाला?"

"मालकाला? 'साहेब, माझा माणूस मरू नये म्हणून थोडे जास्त द्या' म्हणून? दारातून हाकलेल. म्हणेल, तुझी माणसं आहेत, तू बघ."

तरी त्यानं मागणं अगदीच उडवून लावलं नाही. संध्याकाळी निळं पिंप आलं, भरलेलं. मीटरचा भाव तोच.

फायेकनं इद्रीसला म्हटलं, "पाणी घे."

"तुम्ही घ्या मुअल्लिम, माझ्या वाटचंही घ्या," इद्रीस रॉकेटची वायर सोडवत म्हणाला. "मी पाणी ओतलं तर दगड भिजत नाही, माझा महिना भिजतो. सोहागला पाच तोंडं आहेत. त्यांना सांगू का, या महिन्यात श्वास चांगला घेतला, पोळ्या कमी खा?"

फायेक चिडला नाही. नुअमानला तो स्वतः याहून वाईट शब्दांत हेच बोलला होता. त्यानं नुअमानची बाटली शोधून काढली. बूच तेच, भोकं तीच. एकटाच ओलं कापू लागला. त्याची भिंत मागे पडली. आणि गंमत बघा, शेजारच्या परांचीवरून इद्रीसची धूळ उडून यायची, फायेकच्या ओल्या दगडावर बसायची, त्याचा लगदा व्हायचा. त्याच्या मिश्यांवर, भुवयांवर, रुमालाखाली. एक माणूस पाणी वापरतो तेव्हा तो फक्त गरीब होतो, वाचत नाही. पिंपातल्या पाण्यानं बाकीच्यांनी हात धुतले, चहा केला.

घर जवळपास संपत आलं तेव्हा एका सकाळी मालक आला. डॉक्टर लुअय्य, नीटनेटका, गाडीची काच वर. उतरला तेव्हा रुमाल नाकाला. पुढच्या भिंतीवर एक पट्टा गडद दिसत होता.

"हा डाग कसला?" त्यानं अबू कुतैबाला विचारलं. "दगड खराब आला का?"

"नाही हो डॉक्टर, ओला आहे, वाळेल. एक म्हातारा मिस्त्री आहे, पाणी घालून कापतो. सांगतो त्याला."

फायेक परांचीवरच होता. तो उतरला. का उतरला, हे त्याला नंतरही सांगता आलं नाही. छातीत राग नव्हता, धैर्यही नव्हतं. काही नव्हतं. पाय उतरले म्हणून तो उतरला.

"डॉक्टर, तुम्ही दात कोरता तेव्हा पाणी सोडता का?"

"सोडतो की. नळीतून सतत पडतं. नाहीतर दात तापतो, भुकटी उडते, माझ्याच तोंडावर..." डॉक्टर बोलता बोलता थांबला. त्यानं वर बघितलं. वर इद्रीस दिसत नव्हता, नुसता पांढरा ढग होता आणि त्यातून आवाज येत होता.

"पाणी आहे मग काय अडचण आहे?" त्यानं विचारलं.

"पाण्याला वेळ लागतो. वेळेचे पैसे भावात नाहीत," फायेक म्हणाला. "माझा भाऊ यातच गेला." हे त्यानं पिंप निळं आहे म्हणावं अशा आवाजात सांगितलं.

"किती जास्त होतात? सगळ्या घराचे?"

अबू कुतैबानं घसा खाकरला. आकडा त्याच्या जिभेवर होता. निविदेत दोनदा लिहिलेला माणूस विसरत नाही. त्यानं सांगितला.

डॉक्टर फाटकाकडे बघत राहिला. फाटकाच्या खांबांवर कोरीव दगडी गोळे बसवले होते, बायकोच्या हौसेचे. "हे त्या गोळ्यांहून कमी आहे," तो म्हणाला. "एवढंच? मला कुणी विचारलंच नाही."

अबू कुतैबा आपल्या बुटांकडे बघत होता. परांचीवर इद्रीसनं रॉकेट बंद केलं होतं आणि तो कान देऊन ऐकत होता.

तीन मजले झालेले होते. कमानी झालेल्या होत्या. राहिली होती कुंपणाची भिंत. ती तेवढी पाण्यानं कापली गेली, वाढीव भावानं. इद्रीसनं स्वतःच्या बाटलीला स्वतःच भोकं पाडली आणि दिवसभर ओरडत राहिला, "बघा मुअल्लिम, मी दिसतोय! मी किती देखणा आहे हे आजवर कुणाला कळलंच नव्हतं!" ढग नव्हता. गल्लीच्या टोकापर्यंत सगळं दिसत होतं.

फायेकनं शेवटचा दगड बसवला आणि त्यावर तळवा ठेवला. दगड ओला होता, पण ते त्याला दिसलं म्हणून कळलं. हाताला काहीच लागलं नाही. घरी जाऊन त्यानं रुवैदाला सांगितलं, एक भिंत ओली झाली. ती मशीनवर वाकून शिवत होती. "किती उंच?" तिनं विचारलं. त्यानं हात कमरेच्या थोडा वर धरून दाखवला. तिनं बघितलं, दोरा तोडला आणि दुसरा कपडा घेतला.

अम्मानमधल्या त्या साखळीत कुणीच राक्षस नव्हता. प्रत्येकानं दुसऱ्याच्या वतीनं गृहीत धरलं की तो पैसे देणार नाही, आणि विचारायची वेळ आली तेव्हा कॉफी गार होईल म्हणून तोंड फिरवलं. वरच्या टोकाला जो बसलाय तो मालक आहे. म्हणजे कधी ना कधी तुम्हीच.

तेव्हा मागणं तुमच्याकडे आहे. घर बांधाल, न्हाणीघराच्या फरश्या बदलाल, ओट्याला ग्रॅनाइट बसवाल, तेव्हा भाव सांगायला माणूस येईल. पहिला दगड कापायच्या आधी त्याला विचारा: यात पाण्याचे आणि पाण्याला लागणाऱ्या वेळाचे पैसे धरलेत का? नसतील धरले तर धर म्हणा, आणि द्या. समोर चहा आलेला असेल. त्याचं उत्तर मिळेपर्यंत कप उचलू नका. गार होतो तर होऊ द्या.